उसाच्या फडातला पायलट

खांद्यावरच्या पट्ट्यांची कल्पना माझी. ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

पायलट म्हटला की पांढरा शर्ट आणि सोनेरी पट्टे, एवढं मला टीव्हीवर बघून माहीत होतं. ड्रोन उडवणाऱ्याला ते काही नसतं, हे माहीत नव्हतं. म्हणून गावातल्या ड्रोनच्या प्रात्यक्षिकाच्या आधी मी माजलगावला जाऊन शर्ट शिवून घेतला आणि पट्ट्यांसाठी बाजारभर हिंडलो. त्या मिळाल्या लग्नातल्या बँडवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात. दुकानदारानं विचारलं, क्लॅरनेट का ढोल? मी म्हणालो, ड्रोन. त्याला ते नवीन वाद्य वाटलं असावं. त्यानं पट्ट्या झालरीसकट दिल्या. झालर फुकटात आली होती, म्हणून मीही ती काढली नाही.

तर अशी झालर लावून, पन्नाशीला टेकलेला, पोट पुढं आलेला, मिशीला कलप केलेला मी माझे मालक बापूसाहेब यांच्या रानात सकाळी उभा होतो. मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, मोठे पाहुणे यायचे होते. बापूसाहेबांचा मुलगा रणवीर जीपमधून उतरला. गॉगल कपाळावर सरकवून त्यानं मला खालून वर बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"बँड कावून बोलावला बे? लगीन कुणाचं हाय?"

मांडव हसला. मीही हसलो. आम्हाला ती लहानपणापासूनची सवय. हसणार असतील तर आपण आधी हसायचं. कमी लागतं.

मग बापूसाहेब जवळ आले. माझ्या खांद्यावर, बरोबर झालरीवर, हात ठेवून त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, शर्ट झकास आहे, पण तू आज पुढं येऊ नकोस. रिमोट घेऊन पलीकडच्या उसात बस, तिथून उडव. रणवीर इथं मांडवासमोर उभा राहील, त्याच्या हातात दुसरा रिमोट देतो, बंद पडलेला. लोकांना काय कळतंय.

मला आधी उमगलंच नाही. वाटलं, काही तांत्रिक कारण असेल, वारा वगैरे. मग मागं वळलो आणि फ्लेक्स दिसला. सकाळपासून मी त्याच्याखालीच उभा होतो, पण पाठ करून. 'तालुक्याचे पहिले ड्रोन पायलट', आणि खाली रणवीरचा फोटो, हात जोडलेला.

रणवीरनं ड्रोनला हातही लावला नव्हता. प्रमाणपत्र माझं होतं.

ते कसं मिळालं, हे सांगायला जरा मागं जावं लागेल.

बापूसाहेब आणि मी एका वर्गातले. तेव्हा तो बाप्या होता. आमचं घर मेंढरांचं. पावसाळा सरला की माझा बाप धारूरच्या डोंगरातून कळप घेऊन खाली उतरायचा आणि बाप्याच्या वडलांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानात जाळी लावून कळप आत घ्यायचा, रातभर लेंडीखत पडायचं, बदल्यात ज्वारी मिळायची. बाप्या दिवसभर आमच्या पालावर. आमच्या मेंढ्यावर बसायचा, पडायचा, माझ्याच बापाच्या खांद्यावर बसून घरी जायचा. आईच्या हातची भाकरी चुलीपुढं बसून खायचा. मी त्यांच्याकडं गेलो की अंगणात थांबायचो. तो आमच्या चुलीपर्यंत, मी त्यांच्या अंगणापर्यंत. यात काही वाकडं आहे असं दोघांनाही वाटायचं नाही. त्याला अजूनही वाटत नसावं.

पुढं तो बापूसाहेब झाला आणि मी त्याचा ट्रॅक्टर चालवायला लागलो. लोकांसमोर मी 'साहेब' म्हणायचो. कुणी नसलं की तो मला तंबाखू मळून द्यायचा आणि म्हणायचा, तू माझा भाऊच हायस. मला ते खरं वाटायचं. इतकं खरं वाटायचं की घरी बायकोसमोर पुन्हा पुन्हा सांगायचो. ती भाकऱ्या थापत ऐकायची. 'हो' म्हणायची नाही, 'नाही' म्हणायची नाही.

बापूसाहेबांच्या शेतकरी कंपनीला फवारणीचा ड्रोन आला तेव्हा कळलं, तो उडवायला सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं. दहावी पास पाहिजे, तब्येत धड पाहिजे, केंद्रावर राहून शिकावं लागतं, परीक्षा होते. रणवीरचं नाव घातलं. माझी दहावीही कधीकाळी होऊन गेलेली, म्हणून माझंही घातलं. बापूसाहेब म्हणाले, जा त्याच्यासंगट, त्याला सोबत होईल. सोबत म्हणजे काय, ते मला गाडीत बसताना कळलं. त्याच्या दोन बॅगा माझ्या मांडीवर होत्या.

रणवीरला पहिल्याच दिवशी कंटाळा आला. वारा, ढग, बॅटरी, नकाशावरचे लाल-पिवळे-हिरवे भाग, कुठं उडवायला परवानगी घ्यावी लागते आणि कुठं नाही, हे सगळं फळ्यावर. दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र गाडी घेऊन आले आणि तो महाबळेश्वरला गेला. मला परत जा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी राहिलो.

मी काही हुशार निघालो, असं कुणी समजू नये. खरा ड्रोन हातात देण्याआधी कॉम्प्युटरवरचा उडवायला देतात. तो मी झाडावर घातला, घरावर घातला, तलावात घातला. एकदा तो पडद्यावर माझ्याच दिशेनं आला तेव्हा मी खुर्चीतून खाली वाकलो. वर्गातली पोरं लोळायची बाकी राहिली होती. पण शिकवणारे सर सबुरीचे होते. म्हणायचे, काका, अंगठ्यात जोर नको, लोणी आहे असं समजा. सरावाच्या चाचणीत नापास झालो. शेवटच्या परीक्षेत पास झालो. खरा ड्रोन पहिल्यांदा उचलला, तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर थरथरत उभा राहिला, तेव्हा माझे पाय त्याच्यापेक्षा जास्त थरथरत होते. पण तो उभा राहिला. माझ्या अंगठ्यांवर.

प्रमाणपत्र देताना सरांनी एकेकाला उभं करून पाठ म्हणून घेतलं. हे छोट्या वर्गाच्या, पंख्यांवर उभ्या उडणाऱ्या ड्रोनसाठी आहे, मोठ्याला चालत नाही. नजरेआड न्यायचा नाही. माणसांच्या, जनावरांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. आणि हे कार्ड उसनं देता येत नाही. हे शेवटचं ऐकून आम्ही गावाकडचे सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. आमच्याकडं ट्रॅक्टर उसना जातो, बैल उसना जातो, लग्नाचा कोट तर चार गावं फिरून येतो. उसनं न जाणारी वस्तू मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. बीडला उतरून स्टँडजवळ तिला प्लॅस्टिक चढवून घेतलं. बायकोनं ती हातात घेऊन बराच वेळ बघितली. म्हणाली, फोटोत चोरी करताना सापडल्यासारखे दिसता. मग पदरानं पुसून देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवली.

तर मी त्या उसात जाऊन बसलो.

बसलो म्हणजे उभाच. बसून काही दिसत नव्हतं आणि उभं राहूनही उसाच्या शेंड्यांवरचं तेवढं दिसत होतं. झालर पानांत अडकत होती, पात्यांनी मान कापली जात होती, घामाची आग होत होती. ड्रोन वर आला की दिसायचा, खाली गेला की नजरेआड. सरांनी जे करू नका म्हणून पाठ करून घेतलं, तेच मी करत होतो. माझे अंगठे लोण्यावर नव्हते, तव्यावर होते. तिकडं माईकवरचा माणूस सांगत होता की रणवीरदादांच्या बोटांवर आज आकाश नाचतंय. टाळ्या पडत होत्या. प्रत्येक टाळीला माझी मान आपोआप ताठ व्हायची, मग आठवायचं, आणि परत खाली.

चुन्याच्या गोलात ड्रोन उतरवला. बाहेर निघणार तोच फोनवर निरोप आला की पाहुणे जाईपर्यंत उसातच थांब, जेवण पाठवतो. कुणीतरी बांधावर पत्रावळ ठेवून गेलं. मी फडात उकिडवा बसून जेवलो. लाडू चांगला होता. लाज वाटते, पण चांगला होता.

घरी जाताना मनाची समजूत घातली. नाव त्याचं झालं तर झालं. काम तर माझ्या हाताला मिळालं.

आणि काम मिळालंही. पुढचे काही महिने मी गावोगावच्या रानांवर उडवलं. कपाशीवर, तुरीवर, कालव्याकडच्या उसावर. बायाबापड्या बांधावर येऊन उभ्या राहायच्या. म्हातारी माणसं विचारायची, आत कुणी बसलंय का. हळूहळू अख्ख्या पट्ट्याला माहीत झालं की ते उडणारं यंत्र दिसलं म्हणजे खाली कुठंतरी मी आहे. कामावरची माणसं लांबून हात करायची. मी दोन्ही हातांनी रिमोट धरलेला, म्हणून मान हलवायचो. माझ्या जन्मात एवढी माणसं मला कधी हात करत नव्हती.

दिवाळीनंतर माझा मेहुणा सोपान कळप घेऊन डोंगरातून उतरला. दरवर्षी उतरतो. त्या दिवशी दुपारी कालव्याच्या कडेला मेंढरं विसाव्याला बसली होती. मी ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर रांगेत होतो. बायकोचा फोन आला, तिला नीट बोलता येईना. एवढंच कळलं की सोपानला बीडला नेलंय, हाताला लागलंय, ड्रोननं.

रणवीर आणि त्याचे मित्र मोबाईलवर रील करायला निघाले होते. ड्रोन बापूसाहेबांच्या गोदामात असतो, चावी घरात. त्यांनी तो मेंढरांवर सोडला. कळप बिथरला की व्हिडिओ बरा दिसतो म्हणे. कळप बिथरला आणि पुढची मेंढरं कालव्यात गेली. मेंढरं एकामागं एक जातात, पुढचं बुडालं तरी मागचं थांबत नाही. सोपान मधे धावला. यंत्र आणखी खाली आलं आणि पंखा त्याच्या हातावर बसला.

दवाखान्यात त्याचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. बोटं वाचतील का, हे डॉक्टर सांगत नव्हते. मला बघून तो उठायला लागला. मी आडवा केला. म्हणालो, अरे, काठीनं तरी हाणायचं त्याला. तो छताकडं बघत म्हणाला,

"दाजी, मला वाटलं तुमीच आलात. म्हणून हात केला."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. झाडणारी बाई दोनदा पाय उचला म्हणाली, ते मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांचं बोलावणं आलं. मी अंगणात थांबलो, तर ते स्वतः दारात आले आणि आत ये म्हणाले. आत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सोफ्यावर बसवलं, चहा कपबशीतून आला. मला खरंच वाटलं, हा आता रडणार. माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस आहे, सोपानला त्यानं लहानपणी बघितलंय, आता म्हणणार की पोरानं घात केला, मला माफ कर. मी त्याची समजूत घालायचे शब्दही मनात जुळवून ठेवले होते. इतका मी येडा.

बापूसाहेबांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात होतं की त्या दुपारी ड्रोन मी उडवत होतो, वारा आला आणि तो भरकटला. खाली माझं नाव, त्याखाली सहीपुरती जागा.

मी म्हणालो, मी तर कारखान्यावर होतो. ते शांतपणे समजावत होते, लहान पोराला समजावतात तसं. रणवीरकडं प्रमाणपत्र नाही, त्याचं नाव आलं तर मोठी केस होईल, पुढं राजकारणात उभा राहायचाय तो. तुझ्याकडं आहे. तुझ्या हातून झालं तर अपघात म्हणतील. सोपानचं दवाखान्याचं आपण बघू. मी म्हणालो, ठाण्यातला जमादार विचारेल तेव्हा मी काय सांगू?

"जमादाराला मी सांगितलंय, पायलट कोण व्हता ते."

"कवा सांगितलं?"

"कालच. दुपारीच."

दुपारीच. म्हणजे सोपानला गाडीत घालून बीडला नेत होते, तेव्हा. मी रांगेत ट्रॅक्टरवर बसून शेंगा खात होतो, तेव्हा. मला विचारायच्या आधी माझं नाव देऊन झालं होतं. आणि एवढ्या महिन्यांत बापूसाहेबांनी मला पहिल्यांदाच पायलट म्हटलं होतं.

चहा हातात तसाच होता. त्यावर साय धरत होती. मी त्या सायीकडं बघत बसलो, आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मांडवात टाळ्या होत्या तेव्हा हात माझे होते आणि नाव त्याच्या पोराचं. आता रक्त सांडलं तर हात त्याच्या पोराचे आणि नाव माझं. मला केंद्रावर पाठवलं ते सोबतीला. महाबळेश्वरला गेलेल्या पोराला कुणी रागावलं नाही, कारण घरात एक प्रमाणपत्रवाला होताच, लागेल तेव्हा पुढं करायला, नको तेव्हा उसात बसवायला. भाऊ भाऊ म्हणून मळलेली सगळी तंबाखू मला त्या क्षणी तोंडात कडू लागली. मी पोरका झालो, असं वाटलं. बाप गेला तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

बापूसाहेब पेन पुढं करत म्हणाले,

"अरे, तुला आभाळ कुणी दाखवलं?"

मी मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा. आयुष्य आभाळाखाली गेलं. पण असलं काही तेव्हा सुचलं नाही. चांगलं बोलणं मला नेहमी घरी पोचल्यावर सुचतं. तेव्हा एवढंच निघालं,

"न्हाई बापू. मी न्हाई सही करत."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. सही नाकारली म्हणून नव्हे, 'साहेब' गळालं म्हणून. मला ते स्पष्ट दिसलं. आवाज न चढवता तो म्हणाला,

"ट्रॅक्टरची चावी ठेव आन् चालता हो."

चावी कागदावर ठेवली आणि निघालो. ताठ मानेनं निघालो. फाटकाच्या बाहेर आल्यावर लक्षात आलं की कपबशी हातातच आहे. परत द्यायला जाणं काही शोभलं नसतं. गार चहा पिऊन टाकला आणि कपबशी कुंपणाच्या खांबावर ठेवली.

घरी बायको भावासाठी डबा करत होती. मी तिला सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर जरा वाढवूनच सांगितलं, आभाळाचं उत्तर तोपर्यंत सुचलं होतं, तेही त्यात घातलं. कपबशीचं गाळलं. तिनं भाकरी डब्यात घातली. डब्याचं झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली. मला वाटलं होतं, आता तरी डोळ्यांत पाणी येईल, नवऱ्याचा अभिमान वगैरे. तिनं विचारलं, मग उडवत कोण व्हतं, ते कुणाला सांगितलं? मी म्हणालो, ते बापूला माहीतच आहे. पोरांची जीप पळताना सोपाननंही बघितली आहे. मी माझी सही दिली नाही, माझं नाव सुटलं.

ती उभी राहिली. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"अवं, तुमी न्हवता, हे त्येला कालच ठावं व्हतं. त्येच्या घरात बसून त्येलाच सांगून काय उपेग? सोपान्या एकटा बोलला तर म्हणतील, मेंढरामागचं येडं, त्याला काय कळतंय. चावी कुठं असते, कोण शिकलं, कोण पळालं, उसात कुणाला बसवलं, हे तुमाला ठावं हाय. चला. आधी ठाण्यात उतरू, मंग दवाखान्यात. आन् त्येच्या पोराचं नाव घेताना माझ्याकडं बघू नका. जमादाराकडं बघा."